बोरघाट आणि द्रुतगती महामार्ग: राहून गेलेल्या तेरा किलोमीटरांचा इतिहास

आज आपण मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाचा इतिहास पाहणार आहोत. काही जण म्हणतील, हा रस्ता तर कालपरवाचा, त्याला कसला आलाय इतिहास? रस्ता कालपरवाचाच आहे, पण तो ज्या चढणीवरून जातो ती चढण जुनी आहे. आणि या रस्त्याबद्दल आपण ज्या तक्रारी करतो, त्यांतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ त्या चढणीत आहे.

प्रश्न साधा आहे. कळंबोलीपासून किवळ्यापर्यंत हा रस्ता साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. पण शनिवारी सकाळी बातमी येते ती नेहमी एकाच ठिकाणची: 'बोरघाटात वाहनांच्या रांगा'. पावसाळ्यात दरड कोसळते तीही तिथेच. एवढ्या मोठ्या रस्त्यातले हे दहा-पंधरा किलोमीटरच असे का? ट्रॅफिक वाढलं, हे उत्तर पुरेसं नाही. ट्रॅफिक पनवेललाही वाढलं आणि तळेगावलाही वाढलं.

आधी डोंगर समजून घेऊ

पुण्याच्या बाजूने गेलं तर सह्याद्री हा डोंगर वाटतच नाही. आपण मावळातून सपाट जमिनीवरून जात असतो, आणि खंडाळ्याला अचानक जमीन संपते. खाली खोल दरी आणि कोकण. म्हणजे सह्याद्री इथे दख्खनच्या पठाराची कड आहे. काही मैलांत पाचशे-साडेपाचशे मीटर खाली उतरायचं, एवढाच या घाटाचा प्रश्न आहे. दोनशे वर्षांत तो बदललेला नाही.

दुसरी गोष्ट दगडाची. हा सगळा बेसॉल्ट, लाव्हारसाचे थर एकावर एक बसून झालेला. काही थर असे टणक की सुरुंगाशिवाय फुटणार नाहीत. पण दोन थरांच्या मध्ये कुठे तांबड्या मातीसारखा मऊ पट्टा असतो, कुठे भेगा असतात. पावसाचं पाणी त्यांत शिरतं आणि वरचा दगड सैल होतो. म्हणून इथे डोंगर कापणं हे अर्धंच काम असतं. कापलेला डोंगर जागेवर ठेवणं हे उरलेलं अर्धं, आणि ते कधी संपत नाही.

ही वाट किती जुनी, याचा पुरावा रस्त्यावरून जाताना दिसतो. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी याच मार्गाच्या आसपास आहेत. कार्ल्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत व्यापारीही आहेत आणि स्वतःला यवन म्हणवणारेही. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतून माल वर यायचा. वाटेवर नजर ठेवायला राजमाची, लोहगड, विसापूर. आणि टोल ही काही आजची गोष्ट नाही. उत्तरेकडे नाणेघाटात जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही उभा आहे.

अवघड घाट हीच सोय

आता इथे एक गोष्ट लक्षात घेऊ. बरीच शतकं घाट अवघड असणं हा दोष नव्हता, ती सोय होती. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान मोठी फौज घेऊन कोकणात उतरायला निघाला. त्याने बोरघाट टाळून लोणावळ्याजवळची कुरवंड्याची वाट धरली. खाली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला असं गाठलं की पुढे जाता येईना, मागे वळता येईना. शेवटी सामानसुमान टाकून त्याला सुटका करून घ्यावी लागली. ही उंबरखिंड आजच्या द्रुतगती महामार्गापासून फार लांब नाही.

पुढे १७७८ च्या अखेरीस इंग्रजांची फौज मुंबईहून पुण्यावर निघाली. तोफा आणि सामान घेऊन घाट चढतानाच तिचे कितीतरी दिवस गेले. जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. मावळातले लोक त्याला 'इष्टूर फाकडा' म्हणतात, वडगावला त्याचं स्मारक आहे. त्याच वडगावला इंग्रजांना तह करावा लागला. पराभवाची कारणं अनेक, पण पाठीमागे हा घाट होता, हे त्यांतलं एक मोठं कारण.

म्हणजे वर एकाची सत्ता आणि खाली दुसऱ्याची, असं असेपर्यंत घाट रुंद करण्यात पुणेकरांचं हित नव्हतं. वर-खाली एकच राज्य आलं आणि हिशेब उलटला. १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीने घाटमाथ्यापासून पुण्यापर्यंतचा रस्ता तोफा जातील असा करून घेतला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने बोरघाटातला गाडीरस्ता समारंभाने खुला केला. कोकण आणि दख्खन यांच्यामधली भिंत आता पडली, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं आहे. या रस्त्यावरही टोल होता.

भिंत पडली, हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढच्या दोनशे वर्षांत ते पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येणार आहे.

रेल्वे: पाच वर्षांची तुटलेली साखळी

माल्कमच्या रस्त्यानंतर पंचवीस वर्षांनी रेल्वे आली. १८५६ पर्यंत गाडी खालून खोपोलीला पोचली होती. १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. आणि मध्ये? मध्ये घाट. प्रवाशाने खोपोलीला उतरायचं, पालखीतून, तट्टावरून नाहीतर गाडीतून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर ही १८५८ सालची 'मिसिंग लिंक' होती.

ही साखळी जोडायला जानेवारी १८५६ मध्येच सुरुवात झाली होती. मुख्य इंजिनीअर जेम्स बर्कली. सुमारे पंधरा मैलांचा चढ, १,८३१ फूट उंची, पंचवीस बोगदे. चढ इतका तीव्र की मध्येच गाडीची दिशा उलटी करायला एक रिव्हर्सिंग स्टेशन ठेवावं लागलं. पहिला ठेकेदार फॅव्हिएल. मजुरीवरून १८५९ मध्ये मजुरांचा दंगा झाला आणि त्याचं काम गेलं. मग सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच आजाराने वारला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने तो ठेका पुढे चालवला आणि काम तडीस नेलं. १८६१ मध्ये या चढणीवर एका वेळी बेचाळीस हजार माणसं राबत होती. २१ एप्रिल १८६३ रोजी गाडी घाटातून धावली.

बर्कली आणि ट्रेडवेल यांची नावं आपल्याला माहीत आहेत. कॉलऱ्याने, तापाने, सुरुंगांनी, कड्यावरून पडून जे हजारो मजूर मेले, त्यांतलं एकही नाव आपल्याला सांगता येत नाही. लोकांनी मात्र आपल्या परीने एक नाव जपलं आहे. जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. सांगतात, की साहेबाला घाटाची वाट सापडेना, ती एका धनगराने दाखवली. बक्षीस काय हवं असं विचारल्यावर त्याने आमचं स्वातंत्र्य द्या म्हणून सांगितलं, आणि साहेबाने त्याला गोळी घातली. याला कागदाचा आधार नाही, ही दंतकथा आहे. पण दंतकथा उगाच तयार होत नाहीत. वाट ज्यांच्या पायाखालची होती त्यांना तिचं श्रेय मिळालं नाही, ही जाणीव या गोष्टीत आहे. आजही कित्येक ड्रायव्हर तिथून जाताना नाणं टाकतात.

महामार्ग कसा उभा राहिला

आता सरळ विसाव्या शतकाच्या शेवटाकडे येऊ. मुंबई-पुणे रस्ता तेव्हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक चार. ट्रक, एसटी, बैलगाड्या, सायकली आणि माणसं सगळी एकाच रस्त्यावर, आणि तो रस्ता गावागावांच्या मधून जाणारा. प्रवासाला चार-पाच तास लागत, घाट बंद पडला तर किती, याला हिशेब नाही.

१९९० मध्ये राज्य सरकारने राइट्स आणि ब्रिटनची स्कॉट विल्सन कर्कपॅट्रिक या संस्थांना नव्या मार्गाचा अभ्यास करायला सांगितलं. १९९४ च्या अहवालात खर्चाचा अंदाज होता १,१४६ कोटी रुपये. १९९५ मध्ये सरकार बदललं. मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले, आणि नितीन गडकरींकडे सार्वजनिक बांधकाम खातं आलं. १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, म्हणजे एमएसआरडीसी, स्थापन झालं आणि १९९७ मध्ये हे काम महामंडळाकडे आलं. बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा हे तत्त्व, आणि तीस वर्षं टोलचा हक्क.

त्याआधी एका मोठ्या उद्योगसमूहाने ३,६०० कोटींची निविदा भरली होती. ती नाकारली, असं गडकरी अनेकदा भाषणांत सांगतात. मग महामंडळाने बाजारातून कर्जरोखे काढून पैसे उभे केले आणि काम सुमारे १,६३० कोटींत झालं. एका सरकारी महामंडळाने बाजारात उतरून रस्त्यासाठी पैसा उभा करावा, हे तेव्हा नवं होतं. या रस्त्याच्या इतिहासातली ही खरी कर्तबगारी, आणि ती मोकळेपणाने मान्य करायला हवी.

वेग पाहा. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये पर्यावरण आणि वनविभागाच्या परवानग्या, १ जानेवारी १९९८ ला चार ठेकेदारांना कामाचे आदेश. २००० मध्ये पहिले टप्पे खुले झाले, आणि २००२ मध्ये संपूर्ण रस्ता. सहा पदरी, सिमेंट काँक्रीटचा, दोन्ही बाजूंनी कुंपण असलेला. ठरावीक ठिकाणीच चढायचं आणि ठरावीक ठिकाणीच उतरायचं, अशा जातीचा देशातला हा पहिला मोठा रस्ता. भाताण, माडप, कामशेत इथे डोंगर पोखरून बोगदे काढले, त्यांतले भाताणचा आणि कामशेतचा मोठा बोगदा जवळजवळ किलोमीटरभर लांब. प्रवास दोन तासांवर आला. पुण्यात राहून मुंबईत सकाळची मीटिंग करायची आणि संध्याकाळी घरी यायचं, हे शक्य झालं ते तेव्हापासून.

ज्यांच्या शेतांतून रस्ता गेला, त्यांचा अनुभव वेगळा. पूर्वीचा रस्ता गावाच्या मधून जायचा. त्रास होता, पण चहाची टपरी, वडापाव, पंक्चरचं दुकान त्यावरच चालायचं. नवा रस्ता गावाशेजारून जातो आणि गावाकडे बघत नाही. शेत एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला असलं, तर भुयारी मार्ग असेल तिथपर्यंत चालत जायचं. दुचाकीला आणि पायी माणसाला या रस्त्यावर बंदी. ती सुरक्षेसाठी योग्यच आहे. पण ज्याच्या घरी फक्त दुचाकी आहे, त्याची जमीन या रस्त्यात गेली आणि रस्ता मात्र त्याचा झाला नाही, हेही खरं आहे.

आणि घाटात?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बहुतेक ठिकाणी द्रुतगती महामार्ग ही संपूर्ण नवी, स्वतंत्र वाट आहे. घाटात मात्र तशी वाट काढायची तर कित्येक किलोमीटरांचे बोगदे आणि खोल दऱ्यांवर उंच पूल लागले असते. ते तेव्हा झालं नाही. आडोशी बोगद्यापासून खंडाळ्यापर्यंत द्रुतगती महामार्ग आणि जुना महामार्ग एकत्र येतात. सहा पदरांचा एक रस्ता आणि चार पदरांचा दुसरा. दहा पदरांची वाहनं सहा पदरांत शिरतात, आणि तीही चढणीवर, वळणांवर.

चढणीवर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मालाने भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये रांगत चढतो. त्याला मागे टाकायला दुसरा ट्रक मधल्या पदरात येतो, तोही रांगतच. तिसऱ्या पदरात बस येते. मागे तीन किलोमीटरची रांग. उतरणीवर उलट: ब्रेक तापतात आणि निकामी होतात.

याच टप्प्यात अमृतांजन पूल होता. ब्रिटिशकालीन दगडी पूल, वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीवरून लोकांनी त्याला हे नाव दिलं. त्याचे खांब नव्या महामार्गाच्या मधोमध उभे, म्हणजे एकविसाव्या शतकातली वाहनं एकोणिसाव्या शतकाच्या कमानींखालून जायची. खाली अखंड वाहतूक, मग पाडायचा कधी? शेवटी करोनाच्या टाळेबंदीत रस्ता रिकामा झाला आणि ५ एप्रिल २०२० ला सुरुंग लावून पूल पाडला. रस्त्यावर एकही गाडी नसेल तेव्हाच दुरुस्ती करता येते, इतका हा टप्पा गर्दीचा आहे.

आणि दगड. सुरुवातीला पाहिलेले ते बेसॉल्टचे थर. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड थेट वाहनांवर कोसळली आणि माणसं दगावली. मग जाळ्या बसवल्या, सैल दगड काढले. जुलै २०२३ मध्ये पुन्हा आडोशीजवळच दरड आली.

वेगाची किंमत

या रस्त्याने माणसंही नेली. फेब्रुवारी २००१ मध्ये भाताण बोगद्याजवळ झालेल्या अपघातात अभिनेत्री भक्ती बर्वे गेल्या. डिसेंबर २०१२ मध्ये आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले, पेंडसेंचा लहान मुलगाही गेला. ही नावं आपल्याला आठवतात कारण ती माणसं आपल्या ओळखीची होती. जून २०१६ मध्ये पनवेलजवळ थांबलेल्या गाड्यांवर बस आदळून सतरा जण मेले, त्यांची नावं आपल्याला आठवत नाहीत. रेल्वेच्या मजुरांबद्दल जे म्हटलं, तेच इथेही.

२०१६ मध्ये या रस्त्यावर १५१ मृत्यू झाले. त्या वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, महामंडळ, पोलीस आणि इतरांनी मिळून शून्य मृत्यूचं उद्दिष्ट धरून काम हाती घेतलं. एकेका अपघाताचा तपास केला. दिसलं असं की दोष फक्त ड्रायव्हरचा नसतो. बंद पडलेला ट्रक कडेला उभा असतो, त्यावर मागून गाडी आदळते. कठडा चुकीच्या जागी संपतो. मदत उशिरा येते. मग उपायही तसेच झाले: कठडे, फलक, उभ्या ट्रकांवर नजर, लवकर पोचणारी ॲम्ब्युलन्स. २०१७ मध्ये १०५, २०१८ मध्ये ११०, २०१९ मध्ये ९२ आणि २०२० मध्ये ६६ मृत्यू. शेवटच्या आकड्यात टाळेबंदीचा वाटा धरावा लागेल, पण घट त्याआधीच दिसू लागली होती. म्हणजे अपघात नशिबात नसतात. कोणी तरी बसून पाहिलं तर ते कमी होतात. मग रस्ता खुला झाल्यावर हे पाहायला चौदा वर्षं का लागली, हा प्रश्न उरतो.

टोलचं थोडक्यात सांगू. ऑगस्ट २००४ मध्ये ९१८ कोटी रुपये एकरकमी घेऊन पंधरा वर्षांसाठी टोलवसुली आयआरबीला दिली. वसुली किती झाली आणि खर्च कधीच निघाला का, यावर पुण्या-मुंबईच्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारातून वर्षानुवर्षं झगडा केला. मुदत संपल्यावर त्याच कंपनीशी ८,२६२ कोटींचा नवा करार झाला. दर तीन वर्षांनी अठरा टक्के वाढ, त्यामुळे एप्रिल २०२३ मध्ये मोटारीचा टोल २७० वरून ३२० रुपये झाला. लोकांचा राग नुसत्या पैशांचा नाही. टोल पूर्ण वेगाचा द्यायचा आणि घाटात रांगेत उभं राहायचं, याचा तो राग आहे.

राहून गेलेलं काम

म्हणून मिसिंग लिंक. खालापूरकडून कुसगावपर्यंत १३.३ किलोमीटरचा नवा मार्ग, घाट टाळून जाणारा. दोन बोगदे, त्यांतला मोठा जवळजवळ नऊ किलोमीटरचा, लोणावळा तलावाच्या खोल खालून जाणारा. दरीवर तारांनी तोललेला पूल, त्याचे मनोरे १८२ मीटर उंच. एकोणीस किलोमीटरचं अंतर सहा किलोमीटरने कमी करायचं आणि वीस-पंचवीस मिनिटं वाचवायची, हा हेतू. २०१९ मध्ये काम सुरू झालं आणि मुदती एकामागून एक पुढे गेल्या. खर्च साडेसहा हजार कोटींच्या पुढे. म्हणजे तेरा किलोमीटरांना मूळच्या साडेचौऱ्याण्णव किलोमीटरांच्या चौपट पैसे. वीस वर्षांची महागाई त्यातून वजा केली, तरी अवघड भाग कुठला होता हे हा आकडा सांगतो.

आता १८५८ ची आठवण करा. रेल्वेलाही मधला तुकडा राहिला होता. पण रेल्वे मध्येच तोडली तर प्रवाशाला उतरावंच लागतं. उणीव झाकता येत नाही, म्हणून ती पाच वर्षांत भरून काढावी लागली. रस्त्याचं तसं नाही. जुना रस्ता थोडा रुंद केला, त्यातच नवा सोडला, की रस्ता पूर्ण झाला असं म्हणता येतं. गाडी कशीबशी जाते. राहिलेल्या कामाची किंमत मग सरकारी हिशेबात दिसत नाही. ती रांगेत उभ्या माणसाच्या तासांत दिसते, जळलेल्या डिझेलमध्ये दिसते आणि कधी कधी दरडीखाली दिसते.

याचा अर्थ १९९७ मध्ये चुकीचा निर्णय झाला, असं आम्ही म्हणत नाही. सगळं एकदम करायचं ठरवलं असतं, तर कदाचित रस्ताच झाला नसता. पण अवघड भाग पुढे ढकलला, तर तो ढकलला असं स्पष्ट लिहून ठेवावं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या मागे लागावं. माल्कमने भिंत पडली म्हटलं, आणि पुढच्या प्रत्येक पिढीला ती पुन्हा फोडावी लागली. नवा बोगदाही याच दगडातून जातो आहे, याच पावसात भिजणार आहे. त्याच्यासाठी टाळ्या जरूर वाजवू या. आणि टाळ्या संपल्यावर विचारू या, की या बोगद्याची, या पुलाची, वरच्या दरडीची रोजची काळजी कोण घेणार, आणि त्यासाठी पैसे कुठून येणार.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील ते आता घेऊ या.